मोजक्या खर्चात लग्नाची सजावट : सोलापुरातील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात लग्न ठरले की दागिने, कपडे, जेवण आणि मानपान यांचा हिशेब आधी होतो आणि सजावटीकडे सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांतून पाहिले जाते. घाईत ठरवलेली सजावट मात्र नेहमीच महाग पडते. आप्तांच्या आणि शेजाऱ्यांच्या अनेक लग्नांत मांडव बांधण्यापासून माळा ओवण्यापर्यंतची कामे करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : हाताशी पैसे मोजके आहेत. सजावटीची सुरुवात कोठून करावी?

सुरुवात विधींपासून करावी. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरे एकाच गल्लीत राहतात आणि प्रत्येक घरची लग्नपद्धत थोडी वेगळी असते. म्हणून कोणत्याही डेकोरेटरकडे जाण्यापूर्वी आपल्या गुरुजींना, अय्यांना (लिंगायत पुरोहितांना) किंवा घरातील जाणत्या आजींना विचारून विधीला लागणाऱ्या वस्तूंची यादी लिहून घ्यावी. मुहूर्तमेढीची फांदी, आंब्याच्या डहाळ्या, केळीचे खुंट, कलश, पाट, चौरंग, समया, अंतरपाट, बाशिंग किंवा मुंडावळ्या, हार आणि अक्षता एवढी यादी समोर आली की सजावटीचा निम्मा भाग आपण तसाही करणारच होतो, हे लक्षात येते. या वस्तू नीटनेटक्या, ताज्या आणि एका रंगमेळात ठेवल्या तर त्यांवर वेगळे काही चढवण्याची गरज फारशी उरत नाही.

त्यानंतर कार्यालयात किंवा मांडवात प्रत्यक्ष उभे राहून पाहुण्यांची नजर कोठे थांबते ते पाहावे. माझ्या अनुभवाने ती दोनच ठिकाणी थांबते. आत येताना प्रवेशद्वारावर ती क्षणभर रेंगाळते आणि आत बसल्यावर बोहल्यावर खिळते. छायाचित्रेही याच दोन जागांची निघतात. छताला लावलेल्या झालरी, खांबांना गुंडाळलेले कापड, खुर्च्यांच्या पाठीवरील गाठी आणि जेवणाच्या दालनातील फुलदाण्या यांवर बराच पैसा जातो; पण अक्षता पडल्यावर तासाभराने त्यांचा रंगही कोणाला आठवत नाही. म्हणून जी रक्कम असेल ती या दोन जागांवर खर्च करावी आणि बाकी जागा केवळ स्वच्छ ठेवाव्यात.

प्रश्न : सजावटीसाठी एकूण खर्चाचा किती भाग ठेवावा?

याचे ठरलेले प्रमाण नाही आणि असे प्रमाण सांगणाऱ्यांवर विसंबूही नये. जेवण, जागा आणि विधी यांची सोय झाल्यावर कर्ज न काढता जी रक्कम देता येईल, ती एका कागदावर लिहावी आणि तिच्यातील दहावा भाग आयत्या वेळच्या गरजांसाठी बाजूला काढावा. सजावटीसाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : घरासमोर मांडव घालावा की मंगल कार्यालय घ्यावे?

केवळ सजावटीचा विचार केला तर ज्या कार्यालयाचे दालन मुळात चांगले आहे, तेच स्वस्त पडते. भिंतींचा रंग फिकट आहे का, व्यासपीठामागे आधीच पडदा आहे का, पाट, चौरंग आणि समया भाड्यातच मिळतात का, या गोष्टी जागा पाहतानाच विचाराव्यात. काही कार्यालयांत त्यांच्याच डेकोरेटरकडून काम करून घेण्याची अट असते. ती इसार देण्यापूर्वी कळली पाहिजे, कारण नंतर कळल्यास घरच्या घरी सजावट करण्याचा सगळा बेत बाजूला ठेवावा लागतो. शक्य असल्यास लग्नाच्या मुहूर्ताच्याच वेळी जाऊन जागा पाहावी. आपल्याकडे पुष्कळ अक्षता दुपारी बाराच्या पुढे-मागे असतात, त्या वेळी खिडकीतून येणारा उजेड बोहल्यावर कसा पडतो हे संध्याकाळी पाहून समजत नाही.

घरासमोर मांडव घालायचा असेल आणि तो रस्त्यावर येणार असेल तर महापालिकेची परवानगी आधी घ्यावी. उन्हाळ्यात वरचे कापड दुहेरी घ्यावे. हा खर्च टाळू नये, कारण एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि एकेरी कापडाखाली म्हातारी माणसे आणि लहान मुले बसू शकत नाहीत.

प्रश्न : सोलापुरी चादरी सजावटीत वापरता येतील का?

अवश्य येतील, आणि या पानावरील सर्वांत उपयोगी सूचना मी हीच मानतो. भाड्याने आणलेल्या सजावटीचा पैसा एका दिवसात संपतो. आपल्याच गावात विणलेली चादर मात्र बोहल्यामागे टांगून झाल्यावर आहेर म्हणून देता येते. तसाही लग्नात टॉवेल-टोपी, चादर आणि कापडाचा आहेर करावाच लागतो. तो आधी विकत घेऊन, लग्नाच्या दिवशी सजावटीत वापरून, नंतर घडी करून मानकऱ्यांना दिला तर एकाच खर्चात दोन कामे होतात.

प्रत्यक्षात हे असे करावे. एकेरी चादर साधारण ५ फूट रुंद आणि साडेसात फूट लांब असते, तरी खरेदीच्या वेळी माप घेऊनच खात्री करावी. उभ्या टांगलेल्या ४ चादरी २० फूट रुंदीचे व्यासपीठ झाकतात. वर दीड फुटाची साधी कापडी झालर किंवा झेंडूची पट्टी लावली की उंची ९ फुटांपर्यंत जाते. चारही चादरी एकाच रंगसंगतीच्या घ्याव्यात. गर्द लाल, मोरपंखी किंवा हिरव्या रंगापुढे शालू आणि फेटा उठून दिसतात, तर पांढऱ्या-पिवळ्या नक्षीपुढे पिवळी साडी हरवून जाते. चादर वजनाला भारी असल्यामुळे सुतळीवर टांगल्यास मध्ये झोळ पडतो, म्हणून आडवा बांबू किंवा लोखंडी नळी घ्यावी आणि चादरीची वरची कड तिच्यावरून घालून मोठ्या चिमट्यांनी पक्की करावी. खिळे आणि टाचण्या मुळीच वापरू नयेत, कारण भोक पडलेली चादर आहेरात देता येत नाही. समया आणि होम चादरींपासून पुरेशा अंतरावर ठेवावेत. सुती कापड पेट चटकन घेते.

खरेदी करताना नक्षी विणलेली आहे की वरून छापलेली आहे, हे चादर उलटून पाहावे. जॅकार्ड मागावर विणलेल्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग उलटे होतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याचे अप्रूप असते. अशा पाहुण्याच्या हाती बोहल्यामागची चादर दिली की तो ती आपल्या घरी आवर्जून दाखवतो, हे मी पाहिलेले आहे.

शहरातील पद्मशाली विणकर हातमागावर चित्रांचे वॉल हँगिंगही विणतात. एखादे मध्यम आकाराचे वॉल हँगिंग प्रवेशद्वाराजवळ लावले आणि नंतर वधू-वरांच्या नव्या घरात दिले, तर ती वस्तू पुढची अनेक वर्षे भिंतीवर राहते.

प्रश्न : चादरी नको असतील तर बोहल्यामागच्या पडद्यासाठी किती कापड लागेल?

व्यासपीठ २० फूट रुंद आणि ९ फूट उंच धरू. चुण्या चांगल्या पडाव्यात म्हणून रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ४० फूट कापड हवे. ४४ इंची पन्ह्याच्या कापडाच्या ११ पट्ट्या जोडल्या की साधारण ४० फूट रुंदी मिळते. प्रत्येक पट्टी दुमडीसह साडेनऊ फूट धरली तर एकूण एकशे साडेचार फूट, म्हणजे सुमारे ३२ मीटर कापड लागते. दुकानात ३३ मीटर मागावे. चुण्या दीडपटच ठेवल्या तर ९ पट्ट्यांत काम भागते आणि लांबून फरक कळत नाही. घरात काठापदराच्या जुन्या साड्या असतील तर कापड विकत घेण्याआधी त्या बाहेर काढाव्यात. नऊवारी साडीची लांबी या कामाला फार उपयोगी पडते आणि आजीची इरकल साडी नातीच्या बोहल्यावर झळकली तर तिच्याइतके मोलाचे कापड दुसरे नाही. मात्र जुने रेशीम चिमट्यांच्या ताणाने विरते, म्हणून अशी साडी बांबूवरून सैल सोडावी.

प्रश्न : खरी फुले घ्यावीत की कृत्रिम?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या थंडीच्या मुहूर्तांत खरी फुले निवडावीत, कारण झेंडू आणि शेवंती त्या काळात दिवसभर तजेलदार राहतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र फुलांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. आमच्या घरच्या एका मे महिन्यातील लग्नात आम्ही सोयीसाठी आदल्या रात्रीच सगळ्या माळा टांगल्या. रात्री मांडव सुंदर दिसत होता, पण सकाळी वऱ्हाड पोहोचेपर्यंत गुलाब काळवंडले होते, निशिगंध पिवळा पडला होता आणि पंख्यासमोरच्या माळा तर पार वाळून गेल्या होत्या. त्या दिवशी वधूच्या आईच्या चेहऱ्यावर आलेली खंत मला अजून आठवते. तेव्हापासून मी उन्हाळ्यात काही नियम पाळतो.

उघड्यावर फक्त झेंडू आणि हिरवा पाला वापरावा. गुलाब, निशिगंध आणि मोगरा ही फुले हार, गजरे आणि वेणी यांपुरतीच ठेवावीत. माळा ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानांत गुंडाळून सावलीत ठेवाव्यात आणि अक्षतांच्या आधी दोन-तीन तास टांगाव्यात. पंख्याच्या आणि कूलरच्या थेट झोतात काहीही लावू नये. पाणी शिंपडायचे तर हलके शिंपडावे, कारण ओथंबलेला झेंडू आतून कुजू लागतो. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून फुलांसाठी दोन बादल्या पाणी आदल्या दिवशी वेगळे भरून ठेवावे. लग्नघरात आयत्या वेळी कोणालाच पाणी सापडत नाही.

फुलांचा खर्च पाल्याने निम्मा होतो. फूल साधारण २ इंचांचे धरले तर फुलाला फूल लावून ओवलेल्या माळेत एका फुटाला ६ फुले लागतात. दोन फुलांमध्ये दुमडलेले आंब्याचे किंवा अशोकाचे पान घातले की ३ फुले पुरतात. २० फुटांच्या कमानीला १२० ऐवजी ६० फुले लागतात आणि हिरव्या रंगामुळे माळ उलट अधिक शोभते. ओवणारे हात मात्र अधिक लागतात, त्याचा विचार आधी करावा. फुले किलोच्या भावाने पहाटे घाऊक बाजारातून आणावीत. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी, विशेषतः अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांची मागणी एकदम येते, म्हणून फुलवाल्यांना आठ दिवस आधी वजन सांगून ठेवावे.

कृत्रिम फुले उंचावर आणि लांब लावावीत, जवळून पाहिली जाणारी फुले खरीच असावीत. ती विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावीत आणि त्यांवर धूळ नाही ना, हे पाहून घ्यावे.

प्रश्न : प्रवेशद्वारासाठी कमी खर्चाची पण देखणी सजावट कोणती?

दोन बाजूंना केळीचे खुंट, वर आंब्याचे तोरण आणि समोर रांगोळी यांहून चांगले प्रवेशद्वार मला ठाऊक नाही. केळी आपल्याच जिल्ह्यात, करमाळा-माढा भागात मोठ्या प्रमाणावर होते. शेतकरी ओळखीचा असेल तर घड उतरवलेले खुंट अगदी कमी पैशांत किंवा आपुलकीखातर मिळतात. खुंट वाळू भरलेल्या डब्यात रोवून डब्याला रंगीत कापड गुंडाळावे. शेतकरी घरांतून ज्वारीची कणसे आणि उसाचे वाडे आणून खुंटांसोबत बांधले तरी शोभतात. ज्वारी ही या मातीची ओळख आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे आणि अनेक घरांत अक्षताही ज्वारीच्याच असतात. कणसांचे तोरण लग्नानंतर पक्ष्यांसाठी दाराशी टांगून ठेवता येते.

रांगोळीच्या बाबतीत सोलापूरला बाहेर शिकायला जाण्याची गरज नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, संमती कट्ट्यावर देवाच्या लग्नाचा अक्षता सोहळा होतो आणि मिरवणुकीचा मार्ग रांगोळ्यांनी भरून जातो. शहर दरवर्षी देवाचे लग्न रांगोळीने सजवते, मग आपल्या मुलीच्या लग्नात ती कोपऱ्यात का असावी? यात्रेत रांगोळी काढणाऱ्या मुली आणि महिला आपल्या गल्लीतच असतात. त्यांना मानाने बोलवावे आणि साडीचोळी किंवा योग्य मोबदला द्यावा. ओळखीचे आहे म्हणून काम फुकट करून घेऊ नये. कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर रांगोळी पसरते, म्हणून आधी खडूने रेघा आखाव्यात आणि वाटेच्या मधोमध न काढता दोन्ही कडांना काढावी, म्हणजे पायांनी विस्कटणार नाही.

वधू-वरांच्या मोठ्या छायाचित्रांचा फ्लेक्स टाळता आला तर टाळावा. त्याऐवजी लाकडी फलकावर सुंदर अक्षरांत दोघांची नावे लिहावीत. घरात एखाद्याचे अक्षर चांगले असतेच.

प्रश्न : थर्माकोलची नावे आणि कमानी चालतील का?

चालणार नाहीत. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. जाड पुठ्ठा, घोटीव कागद आणि रंगीत सूत यांतून नावे चांगली तयार होतात. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांतून उरलेले रंगीत सूत मिळवता आले तर त्याचे गोंडे घरच्या मुली एका दुपारी शेकड्याने करतात, आणि ते ना उन्हाने कोमेजतात ना वाऱ्याने तुटतात.

प्रश्न : विद्युत रोषणाई किती करावी?

दुपारच्या अक्षता असतील तर जवळजवळ नाहीच. भर दुपारी दिव्यांच्या माळा दिसत नाहीत. हळद संध्याकाळी घरी असेल तर घराच्या दर्शनी भागावर एलईडी माळा पुरतात. जोड उघडे नाहीत ना आणि वायर पायांत येत नाही ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : साखरपुडा, हळद, लग्न आणि स्वागत समारंभ यांसाठी वेगवेगळी सजावट करावी लागते का?

नाही. मागचा पडदा एकच ठेवून पुढची एखादी वस्तू बदलावी. हळदीला त्यावर पिवळ्या ओढण्या सोडाव्यात, लग्नाला झेंडूच्या माळा आणि संध्याकाळी समोर दोन मोठ्या समया ठेवाव्यात. हळदीच्या दिवसासाठी अलीकडे वेगळे व्यासपीठ, झोपाळा आणि बैलगाडी मागवण्याची जी पद्धत रूढ होत आहे, ती मोजके पैसे असलेल्या घराने सरळ नाकारावी. हळदीची शोभा जात्यावर दळताना म्हटलेल्या ओव्यांत आणि हळद लावणाऱ्या सवाष्णींच्या गर्दीत असते.

प्रश्न : रुखवताचा सजावटीत उपयोग होतो का?

फार चांगला होतो, पण ते बहुधा एखाद्या कोपऱ्यातील टेबलावर मांडले जाते आणि कोणाच्या नजरेस पडत नाही. मावशी, काकू आणि मैत्रिणींनी महिनाभर खपून केलेल्या वस्तू प्रवेशद्वारातून बोहल्याकडे जाणाऱ्या वाटेवर, पायऱ्या-पायऱ्यांच्या मांडणीवर स्वच्छ पांढऱ्या टॉवेलवर ठेवाव्यात आणि प्रत्येक वस्तूसमोर ती करणारीचे नाव लिहावे. ती वाट वेगळी सजवण्याचा खर्च वाचतो आणि करणाऱ्या बायकांच्या कष्टांना मान मिळतो.

प्रश्न : डेकोरेटरकडून काही काम करून घ्यायचेच असेल तर काय काळजी घ्यावी?

एकरकमी दर घेऊ नये. पडदा, कमान, फुले, दिवे, वाहतूक आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत, म्हणजे नको ते काढून टाकता येते. केवळ बांबू, नळ्या आणि शिडी भाड्याने घेऊन बाकी काम घरी करता येईल का, हेही विचारावे; उंचावरचे बांधकाम मात्र अनुभवी माणसांकडूनच करून घ्यावे. इसाराची पावती घ्यावी आणि सजावट किती वाजता तयार होईल ती वेळ त्यावर लिहून घ्यावी. आपल्या लग्नाच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयात दुसरे लग्न असेल तर त्या कुटुंबाशी बोलून पाहावे. दोन्ही घरांनी एकच पडदा आणि एकच कमान ठेवून खर्च वाटून घेतल्यास कोणाचेच काही उणे होत नाही.

प्रश्न : घरच्या माणसांनी काम करायचे तर वाटणी कशी करावी?

प्रत्येक कामाला एकच जबाबदार माणूस असावा आणि वधू-वर व त्यांचे आई-वडील यांपैकी कोणाकडेही सजावटीचे काम नसावे. पडदा, बांबू आणि रुखवत आदल्या संध्याकाळी लावून घ्यावे, तोरण आणि खुंट पहाटे, माळा सर्वांत शेवटी. एका पिशवीत सुतळी, कात्री, चिमटे, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, खडू, सुई-दोरा आणि काडेपेटी भरून ती पिशवी एकाच माणसाच्या खांद्यावर ठेवावी.

प्रश्न : सजावट साधी आहे म्हणून व्याही किंवा पाहुणे नाराज झाले तर?

ही गोष्ट बैठकीतच, मानपानाच्या बोलण्यासोबत, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर स्पष्ट बोलून घ्यावी. खर्च कोण करणार आणि किती करणार हे ठरले की नंतर कुरबुर राहत नाही. वरपक्षाला अधिक सजावट हवी असेल तर तो भाग त्यांनी उचलावा, असे नम्रपणे सांगण्यात काहीही गैर नाही. मुलीच्या बापाने संकोचाने मान डोलवावी आणि नंतर वर्षभर हप्ते फेडावेत, हे आपल्याकडे फार घडते आणि ते थांबायला हवे.

प्रश्न : कार्य आटोपल्यावर सजावटीचे काय करावे?

उतरवण्याची माणसे आधीच नेमावीत, कारण वरातीच्या गडबडीत मांडवाकडे कोणी फिरकत नाही आणि चादरी, समया व चिमटे हरवतात. चादरी झटकून, घडी करून त्याच दिवशी मोजून घ्याव्यात आणि मानकऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात. झेंडूची फुले दोऱ्यातून काढून सावलीत वाळवली तर पुढच्या पावसाळ्यात त्यांचे बी कुंडीत पेरता येते. बाकी निर्माल्य आणि पाला खतासाठी द्यावा, तलावात किंवा विहिरीत टाकू नये. केळीचे खुंट गुरे असलेल्या घरी पोहोचवावेत. पडद्याचे ३२ मीटर कापड पट्ट्या उसवून, धुऊन ठेवावे. नात्यातील पुढचे लग्न फार लांब नसते.